मी वाचून दाखवलेला कागद

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला इंग्रजीची भारी हौस. कर्वेनगरातल्या बत्तीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा सेक्रेटरी हा, पण ग्रुपवर लिहितो असं की वाचणाऱ्याला वाटावं, विलायतेहून फर्मान आलंय. गेल्या महिन्यात त्यानं टाकलं की ज्यांच्याकडे दोन पार्किंग आहेत त्यांनी एक ताबडतोब 'रिलिंक्विश' करावं. सोड म्हण ना बाबा. गाडी काढ म्हण. पण नाही, तसं म्हटलं तर लोक विचारतील, तू कोण सांगणारा? माझी सून आयटीत आहे, तिच्या ऑफिसात दिवसभर असल्याच क्रियापदांचा रतीब असतो. तिनं मला विचारलं, "आई, तुम्ही कॉलेजला इंग्लिश घेतलं होतं ना, मग हा एवढा जड शब्द कशाला वापरतात हो?" मी म्हटलं, हलकं काम करायचं असलं की जड शब्द लागतो. ती हसली. तिला वाटलं सासूबाई नेहमीसारख्या तिरकस बोलल्या. पण मला हा शब्द नीट माहीत आहे. त्याचा अर्थ, त्याचा वापर, त्याची सगळी जातकुळी. तो मी एकदा माझ्या सख्ख्या आत्याला वाचून दाखवला होता.

कॉलेजात इंग्रजीला ज्या बाई होत्या त्यांना क्रियापदांचं वेड होतं. नाम कुणालाही येतं, म्हणायच्या, माणूस क्रियापदात सापडतो. सुती नऊवारीच्या जमान्यातून थेट इस्त्रीच्या पाचवारीत आलेल्या, आवाज बारीक, आणि जीभ अशी की पहिल्या बाकावरची मुलगीही वही मिटून बसायची. आठवड्याला दहा क्रियापदं द्यायच्या, सगळी कचेरीतली आणि कोर्टातली, आणि प्रत्येकाचं एक वाक्य करून आणायचं. 'रिलिंक्विश'चं वाक्य मी केलं होतं की माझ्या काकांनी तंबाखू रिलिंक्विश केली. बाईंनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "काका राजे आहेत वाटतं." मग फळ्याकडे वळून सांगितलं की तंबाखू सुटते, खोड सुटते, त्याला साधे शब्द आहेत. हा शब्द हक्काला, गादीला, ताब्याला लागतो. जे आपलं आहे, हातात आहे, ते आपल्या हातानं कायमचं सोडणं. ज्याच्याकडे काहीच नाही तो माणूस काही रिलिंक्विश करू शकत नाही. मी ते लिहून घेतलं. धायरीच्या मुलीवर वर्ग हसला याचाच मला जास्त राग आला होता, त्यामुळे ते चांगलं लक्षात राहिलं.

तेव्हा धायरी गाव होतं. आता आमच्या मळ्यावर ज्या इमारती उभ्या आहेत त्यांना इटलीतल्या गावांची नावं दिलेली आहेत आणि पाणी टँकरचं आहे. तेव्हा तिथे आमची बारमाही विहीर होती. पहाटे आई जात्याजवळच्या चुलीवर भाकऱ्या थापायची तो थपथप आवाज, मागे कडबा तोडायच्या यंत्राची खरखर, आणि विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला एकुलता एक दिवा मंद व्हायचा. मी त्या दिव्याखाली अभ्यास करायची आणि मोटरीला शिव्या द्यायची. जेवणात बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, आणि कुळथाच्या शेंगोळ्या. एकीकडे शेंगोळ्या भुरकायच्या आणि दुसरीकडे इंग्रजी निबंध लिहायचे, असं माझं शिक्षण. आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, माझ्या इंग्रजीचा विलक्षण अभिमान होता. शिकायला पाठवलं तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती, म्हणून तो अभिमान त्यांना चारचौघांत वाजवून दाखवावा लागे. खताच्या पोत्यावर काय लिहिलंय, मोटरीच्या खोक्यातल्या कागदावर काय लिहिलंय, ते माझ्याकडून वाचून घ्यायचे, तेही पारावर माणसं जमली असताना. मी वाचायची. पोतं कोरड्या जागी ठेवावं एवढंच त्यावर असायचं, पण पार थक्क व्हायचा.

सरूआत्या आण्णांची थोरली बहीण. आजी लवकर गेली तेव्हा हिचं वय बारा, आण्णा सहाचे आणि तात्या, म्हणजे माझे काका, तीनचे. तिनं शाळा सोडली, चूल धरली आणि दोघांना वाढवलं. तिला दोघं 'आक्का' म्हणत आणि तिच्यापुढे विडी ओढत नसत. आमच्याकडे मान देणं म्हणजे एवढंच. लग्न होऊन ती धरणापलीकडे, खडकवासल्याच्याही पुढच्या डोंगरातल्या एका गावी गेली. नवरा वारला, एकुलती मुलगी लग्न होऊन गेली, आणि दिरांनी हिला गोठ्याशेजारची खोली दाखवली. मी कॉलेजात होते त्या दिवाळीला ती आली तेव्हा तिनं भावांना सांगितलं की मला जास्त काही नको, विहिरीकडचे दोन गुंठे द्या, वर पत्रे टाकते आणि राहते. आण्णा म्हणाले, बघू की. माहेरी आलेल्या बाईला 'नाही' म्हणायचं नसतं म्हणून आमच्याकडे 'बघू की' म्हणतात. तात्या मात्र जेवता जेवता बोलून गेले की लेकीबाळींचं माहेरात असतं काय, चोळीबांगडी आणि दोन दिवसांचा मुक्काम. आत्यानं ताटातला भात संपवला.

त्याच हिवाळ्यात बिल्डर आला. पांढरी गाडी, पांढरे बूट, आणि आमच्या धुळीत ते बूट घालून हिंडायची जिद्द. त्याला विहिरीसकट सगळा मळा हवा होता. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली होती, त्यातलं एक आत्याचं. बिल्डरचा वकील म्हणाला, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या, नाहीतर व्यवहार पुढे सरकत नाही. आता ही आमच्या भागातली जुनी रीत. बहिणीला सणासारखं बोलावायचं, पुरणपोळी करायची, लुगडं नेसवून ओटी भरायची, आणि दोन दिवसांनी कचेरीत नेऊन सही घ्यायची. जी करते ती चांगली बहीण, जी करत नाही तिला माहेर नाही. ओटीत नारळ घालायचा आणि पदरातून जमीन काढून घ्यायची, आणि वर म्हणायचं, बहिणीची माया. पण आत्याच्या बाबतीत एक अडचण होती. ती चौथी शिकलेली. दर श्रावणात चष्मा लावून अख्खी पोथी वाचायची. मराठी कागद तिनं ओळीओळीला बोट ठेवून वाचला असता. तेव्हा वकिलानं कागद इंग्रजीत केला. बँकेला इंग्रजीच लागतं, असं त्यानं आण्णांना सांगितलं आणि आण्णांनी ते खुशीनं मानलं. माझ्या वडलांच्या आयुष्यात बँकेचं ऐकायचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

रविवारी आत्या आली. आईनं आदल्या दिवशीच पुरण शिजवून ठेवलं होतं, पहाटेपासून वाटणाचा आवाज, कटाच्या आमटीचा घमघमाट, आणि आण्णा स्वतः आत्याच्या ताटात तुपाची धार धरत होते. माणसानं एवढं तूप वाढलं की खाणाऱ्यानं खरं तर उठावं. आत्या जेवली. आईनं हिरवं लुगडं दिलं, ओटी भरली, पाया पडली, आणि मग तात्यांनी पिशवीतून कागद काढला. म्हणाले, आक्का, परवा जरा कचेरीत यायचं, एवढी सही. आत्यानं हात पुसले, चष्मा लावला, कागद बघितला, उलटा करून पुन्हा बघितला, आणि माझ्याकडे दिला.

"शालन, तू वाच. ह्या दोघांचं मी ऐकनार न्हाई. तू सांग काय लिवलंय."

मी वाचला. पहिल्या पानावर नावं आणि गट नंबर, आणि दुसऱ्या पानावर मधोमध माझं क्रियापद. वडिलांच्या मिळकतीतला स्वतःचा अविभक्त हिस्सा, हक्क आणि संबंध, काही राखून न ठेवता, कायमचा, वारसांसह. एवढं स्वच्छ वाक्य मी कधी वाचलं नव्हतं. बाईंनी दहापैकी दहा दिले असते. मी मान वर केली तर आण्णा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, पारावर खताचं पोतं वाचून घेताना बघायचे तसेच, कौतुकानं. आई चुलीकडे पाठ करून उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "आत्या, यात लिहिलंय की भावांबद्दल तुझी काही तक्रार नाही आणि मळा विकायला तुझी हरकत नाही." आत्यानं विचारलं, "आन् माझं दोन गुंठं?" आण्णा म्हणाले की ते घरातल्या घरात, त्याला कागद कशाला, आपण काय परके आहोत का. आत्यानं पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती म्हणाली की पोरगी म्हणते तर असेल, आणि लुगडं घडी घालून पिशवीत ठेवलं.

लोक म्हणतात तरुणपणी माणसं निर्भय असतात. मी तरी नव्हते. मी एकोणीस वर्षांची घोडी होते, शेक्सपिअरच्या स्वगतांवरची उत्तरं पाठ होती, वादविवादात ढाल जिंकली होती, आणि तुपाच्या धारेपुढे माझी वाचा बसली. फी आण्णा भरत होते. वर्ष अर्धं उरलं होतं. एवढं बोलले नाही तर एवढं मिळेल, असा हिशेब मी केला नव्हता, असं मला सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

सोमवारी मी कॉलेजला गेले आणि तास संपल्यावर बाईंच्या मागे मागे गेले. मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ हवा होता. एखादा मऊ, घरगुती, ज्यात जमीन जात नाही असा. तर बाईंना मी आडून विचारलं की रिलिंक्विशचा अर्थ नुसतं 'हरकत नसणे' असा कुठे होतो का? जुन्या इंग्रजीत वगैरे? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या की शब्दकोश हे काही भाजीचं दुकान नाही, आवडला नाही म्हणून अर्थ बदलून मिळत नाही. आणि निघून गेल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी केलंही असतं. पण वर्गात एकदा हसं झालेलं माझ्या मनात होतं, पुन्हा गावंढळ ठरायचं नव्हतं. माझा स्वाभिमान असल्या फुटकळ ठिकाणी फार कडक असायचा.

मंगळवारी बिल्डरची गाडी आली आणि आम्ही सगळे निघालो. आत्या नव्या लुगड्यात, पहिल्यांदाच अशा गाडीत बसलेली, सिंहगड रस्त्यानं येताना दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. कचेरीच्या बाहेर वकिलाच्या टेबलावर तिनं प्रत्येक पानावर सही केली, सावकाश, पूर्ण नावाची, काना मात्रा न चुकता. शेवटी एक ओळ होती, मजकूर लिहून देणारीला मराठीत समजावून सांगितला, आणि खाली समजावणाऱ्याची सही. वकील म्हणाला, इथे माझा कारकून करेल. तेवढ्यात आण्णांचा अभिमान उसळला. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती ना. म्हणाले, कारकून कशाला? आमची पोरगी इंग्रजी शिकतीय कॉलेजात, तीच करील. वकिलानं त्यांना डोळ्यांनी खुणावलं, पण अभिमान चढलेल्या माणसाला खुणा दिसत नाहीत. मी सही केली.

आत नोंदणीचा अधिकारी बसला होता. पान खाल्लेला, कंटाळलेला, वर न बघता विचारणारा. कागद चाळता चाळता त्याची नजर शेवटच्या ओळीवर थांबली, कारण तिथे कधी बाईमाणसाची सही नसे. समजावून सांगणारी कोण, म्हणाला. आण्णांनी मला पुढे केलं. कॉलेजात आहात का, म्हणाला, छान छान. मग सांगा बघू, काय समजावलंत यांना? सहज, गंमत म्हणून विचारलं त्यानं. मास्तरानं पाव्हण्यांच्या पोराला पाढा विचारावा तसं. आत्या माझ्या शेजारी उभी होती. वकील घाम पुसत होता. मला आजही कळत नाही की त्या क्षणी मला काय झालं, पण त्या खुर्चीतल्या माणसासमोर चुकीचा अर्थ सांगणं मला जमेना.

"साहेब, यात लिहिलंय की वडलांच्या जमिनीत यांचा जो हिस्सा आहे तो यांनी कायमचा सोडला. काहीही राखून ठेवलं नाही. पुढे यांना किंवा यांच्या मुलीला काही मागता येणार नाही."

बरोबर, म्हणाला अधिकारी, आणि शिक्का उचलला. आत्या म्हणाली, थांबा. मग तिनं त्याला विचारलं की माझा हिस्सा 'हाय' असं लिहिलंय का. तो म्हणाला, हो बाई, आहे म्हणूनच तर सोडताय. आत्या आण्णांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"सदा, तुमी दोघं तर म्हनता लेकीचं काई नसतं. मग जे न्हाईच ते सोडून घ्यायला मला गाडीत घालून आनलं व्हय?"

आण्णा म्हणाले, आक्का, घरी बोलू. तात्या म्हणाले, लोक बघतायत. अधिकारी म्हणाला की मागे रांग आहे, लिहून दिलं ते कबूल आहे की नाही तेवढं सांगा. आत्या म्हणाली, "न्हाई." त्यानं कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, पुढचे. तिथे कुणाला काही वाटलं नाही. पुढचे पुढे आले.

त्याचं नंतर काय झालं ते आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. बिल्डरला घाई होती, म्हणून महिन्याभरात मधला मार्ग निघाला. विहिरीकडचे दोन गुंठे आत्याच्या नावावर वेगळे केले आणि बाकीचं तिनं सोडलं, तोही कागद मराठीत, जो तिनं चष्मा लावून दोनदा वाचला. पत्र्याची खोली बांधली आणि मरेपर्यंत ती त्यात राहिली. चौदा वर्षं. भाऊ हाकेच्या अंतरावर राहूनही तिच्या दारात गेले नाहीत; आई पदराआडून डबा पोचवायची. आण्णा माझ्याशी दीड वर्ष बोलले नाहीत. कॉलेज पुढच्याच आठवड्यात बंद झालं, झालं तेवढं इंग्रजी पुष्कळ झालं, असं आईला म्हणाले, आणि ते मला पटण्यासारखंच होतं. मग कर्वेनगरचं स्थळ आलं. आता भाऊबंदांत लग्नकार्याला भेटले की पोरं सांगतात, शालनआत्यानं कचेरीत उभं राहून खरं सांगितलं, बापाला भ्यायली नाही. नातसुना माझ्या पाया पडतात. मी पडू देते. आपल्याबद्दल कुणी चांगलं बोलत असलं की मध्ये तोंड घालायचं नाही, हे मला इंग्रजीशिवाय शिकता आलं.

पण त्या दुपारी कचेरीतून आम्ही दोघीच बाहेर पडलो होतो. पांढऱ्या गाडीत आमच्यासाठी जागा उरली नव्हती. मी आत्याला स्वारगेटला सोडायला गेले. तिची गाडी तासाभरानं होती. आम्ही बाकावर बसलो. मी तिला उसाचा रस आणून दिला, तो तिनं घेतला. मला वाटत होतं ती आता माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. खरंच वाटत होतं. बापाविरुद्ध बोलले होते, शिक्षणावर पाणी सोडलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्याचं काहीतरी मिळावं अशी माझी अपेक्षा होती. ती रस पीत राहिली. पेला रिकामा करून बाकाखाली ठेवला आणि मग विचारलं की रविवारी खोटं का वाचलंस.

मी म्हटलं, आण्णा बघत होते.

"आन् आज? आजबी तो हुताच की."

मी म्हटलं, आज साहेबांनी विचारलं.

आत्यानं समोरच्या गाड्यांकडे तोंड वळवलं. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"म्हंजी मी इचारलं तवा न्हाई. सायबानं इचारलं तवा खरं सांगितलंस."

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही, रागावलीही नाही. तिची गाडी लागली. ती उठली, पिशवी काखेत मारली, लुगड्याचा काठ सावरला आणि म्हणाली, "जाते." आमच्याकडे निघताना बाई 'येते' म्हणते.